गुंठा नियमित होईल, पण सही कोण देणार?

गावाच्या कडेला एक-दोन गुंठे घेऊन घर बांधलेल्यांना नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने मोठा दिलासा दिला. तुकडेबंदी कायद्याविरुद्ध १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले, ठरलेल्या क्षेत्रातले बिगरशेती व्यवहार आता शुल्क न भरता नियमित होतील. आधी त्यासाठी बाजारभावाच्या २५ टक्के, नंतर ५ टक्के भरावे लागत. शेतीसाठी घेतलेल्या तुकड्याला मात्र ही सूट नाही. तिथे बहुतेक जिल्ह्यांत बागायत १० आणि जिरायत २० गुंठ्यांची मर्यादा आहेच.

खरी मेख कागदात आहे. खरेदीखत नोंदवलेलं असेल, तर नाव इतर हक्कातून कब्जेदार सदरी येऊ शकतं. पण खेड्यापाड्यात कितीतरी गुंठे शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून विकले गेले. नोटरीने मालकी मिळत नाही. मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावाच लागतो, आणि त्यावर सही लागते विकणाऱ्याची. तो वारला असेल तर सगळ्या वारसांची. भाव दहापट झाल्यावर वारस सहज सही देतील, हे समजणं भाबडेपणाचं. तीच जागा दुसऱ्यालाही विकलेली निघाली, तर मग दिवाणी कोर्टच.

“घरपट्टी आमच्याच नावावर आहे की,” असं अनेक जण सांगतात. पण नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. बांधकाम परवानगी तर त्याहून वेगळी.

म्हणून विकणारा हयात असेल, तर तलाठ्याकडे चकरा मारण्याआधी त्यालाच दुय्यम निबंधक कार्यालयात न्यावं लागेल.