आधी आर्गॉन, मग मशीन

घरी टिग वेल्डिंग करायचे म्हटले की दिल्लीच्या द्वारकेतला हौशी माणूस आधी मशीन पाहायला निघतो. जी. बी. रोडच्या यंत्रबाजारात चक्कर होते, 200 अँपिअर की 250 यावर खल होतो, आणि पैसे संपत आले की गॅसची आठवण होते. मग प्रश्न येतो, ‘स्वस्तातला कोणता गॅस चालेल?’ या क्रमालाच माझा विरोध आहे. टिगमध्ये जोड टिकतो तो वितळलेल्या धातूला हवा लागू न देणाऱ्या गॅसच्या बळावर. मशीन बेताचे असले तरी भागते; गॅस बेताचा असून भागत नाही.

स्वस्ताईच्या बाजूने पहिला दाखला कार्बन डायऑक्साइडचा दिला जातो. मायापुरीच्या कारखान्यांत दिवसभर सीओटूवर वेल्डिंग चालते, मग घरी का नको? कारण तिथे चालते ते मिग. मिगमध्ये तार स्वतःच वितळून जोडात जाते आणि तारेतले सिलिकॉन व मँगनीज ऑक्सिजनला पकडून मळीच्या रूपाने वर आणतात. टिगमधली टंगस्टनची कांडी वितळण्यासाठी नसतेच. तिचा वितळणबिंदू 3422 अंश सेल्सिअस आहे खरा, पण तापलेले टंगस्टन ऑक्सिजनपुढे टिकत नाही. आर्कच्या उष्णतेत सीओटूचे विघटन होते, सुटलेला ऑक्सिजन कांडीचे टोक खातो आणि खाल्लेले टंगस्टन जोडात पडते. 20 टक्के सीओटू मिसळलेला मिगचा आर्गॉनही म्हणूनच बाद.

टायरमध्ये भरतात तो नायट्रोजन सुचवणारेही आहेत. साध्या तापमानाला तो निष्क्रिय असतो. वितळलेल्या पोलादात मात्र विरघळतो आणि पोलाद गोठताना बुडबुड्यांनी जोड पोखरून ठेवतो.

हेलियमची गोष्ट वेगळी, कारण ही पद्धत रुजली तीच हेलियमवर. 1941 च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीच्या रसेल मेरेडिथ यांनी विमानांच्या मॅग्नेशियमसाठी टंगस्टन आणि हेलियम एकत्र आणले. हेलियममुळे आर्क जास्त गरम होतो, जाड अॅल्युमिनियमला तो उपयोगी पडतो. पण तो हवेहून फार हलका, म्हणून जास्त सोडावा लागतो, आर्क पेटवायला अवघड आणि किमतीला भारी. दोन-तीन मिलिमीटरच्या घरगुती कामात त्याची गरज नाही. उरतो तो शुद्ध आर्गॉन, 99.99 टक्क्यांच्या वरचा. स्टील, स्टेनलेस, अॅल्युमिनियम, तांबे, चारही धातूंना एकच सिलिंडर पुरतो.

आर्गॉन घेतला तरी एक गैरसमज उरतोच: जास्त सोडला की जास्त संरक्षण. हे साफ चुकीचे आहे. गॅस जिथून बाहेर पडतो त्या सहा नंबरच्या कपाचे तोंड साधारण साडेनऊ मिलिमीटरचे असते. त्यातून मिनिटाला 7-8 लिटर गॅस संथ उतरतो. तोच 20 लिटर सोडला तर प्रवाह घुसळतो आणि बाजूची हवा ओढून आत आणतो. पडताळा डोळ्यांसमोर असतो. स्टेनलेसवरचा टाका फिकट सोनेरी राहिला तर गॅस पोचला. निळा झाला तर जरा कमी पडला किंवा उष्णता जास्त झाली. राखाडी आणि खरखरीत झाला तर जोडाला हवा लागली. कांडीचे टोकही बोलते. करंट थांबल्यावर गॅस काही सेकंद वाहत राहिला तर टोक चांदीसारखे राहते, लगेच बंद केला तर निळे-काळे पडते. प्रवाह नेमका मोजता यावा म्हणून काट्याच्या साध्या रेग्युलेटरऐवजी उभ्या नळीत गोळी तरंगणारा फ्लोमीटर घ्या. पातळ स्टेनलेसची मागची बाजूही उघडी सोडू नका. तिथे आर्गॉन दिला नाही तर जळक्या साखरेसारखे दाणे धरतात, आणि असा जोड भांड्याला लावण्याच्या लायकीचा नसतो.

आता मशीन. एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलला अंदाजे 40 अँपिअर लागतात, म्हणजे तीन मिलिमीटरला 120. घरात याहून जाड काय जोडायचे असते? 250 च्या आकड्यासाठी मोजायचे पैसे एसी-डीसी दोन्ही देणाऱ्या मशीनवर घाला. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 च्या वर. तो फोडायला एसीच लागतो. फक्त स्टील करायचे असेल तर साधे डीसी मशीन पुरे. कांडी लाल टोकाची नको, तिच्यात किरणोत्सारी थोरियम असतो आणि टोक घासताना त्याची धूळ नाकात जाते. लँथॅनमची घ्या.

सिलिंडर छोटाच बरा, असेही म्हणतात. 10 लिटरच्या बाटलीत 150 बारला दीड घनमीटर गॅस मावतो, म्हणजे मिनिटाला 8 लिटरने तीन तास आर्क. 47 लिटरच्या बाटलीत सात घनमीटर, साडेचौदा तास. शिकणाऱ्याचा गॅस सरावातच जातो, म्हणून जागा असेल तर मोठीच घ्यावी.

घरात यासाठी सुरक्षित जागा नसते, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत मोठा सिलिंडर पूर्ण गळला तर ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 16 च्या आसपास येतो, आणि आर्गॉनला वास नसल्याने कळतही नाही. शिवाय वेल्डिंगच्या धुराला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. म्हणून आठव्या मजल्यावरचा फ्लॅट बाद. बाल्कनीही बाद, मे महिन्यातली लू राहू द्या, साधी झुळूकही आर्गॉनचे आवरण उडवते, आणि खाली शेजाऱ्यांची मुले खेळत असतात. पण यावरून ‘घरी करूच नये’ हा निष्कर्ष निघत नाही. तळमजल्यावरची वाऱ्याला आडोसा असलेली, दार उघडे राहणारी जागा, धूर तोंडापासून दूर ओढणारा पंखा, भिंतीला साखळीने बांधलेला उभा सिलिंडर, एवढे जमले तर करावे. पालम-ककरोल्याकडे भाड्याचा गाळा मिळाला तर त्याहून उत्तम.

आणि सिलिंडर घ्याल तेव्हा नुसत्या निळ्या रंगावर विसंबू नका. रंग कुणीही मारतो. खांद्यावर कोरलेली जलदाब चाचणीची तारीख वाचा, ती पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर बाटली परत करा. स्कूटरवर मात्र आणू नका. 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांनी भरलेला सिलिंडर दुचाकीवरून नेण्यास मनाई केली आहे.