मुदत एकट्या कर्मचाऱ्यालाच का?

शासकीय सेवेतील भेदभावाची तक्रार पुष्कळदा गुणावगुणांच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. ती तारखेच्या पायरीवरच अडखळते. कनिष्ठाला डावलून पदोन्नती दिली गेली काय, वेतननिश्चितीत पंक्तिप्रपंच झाला काय, गोपनीय अहवालातील शेरा आकसाने लिहिला गेला काय, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असतो तो अर्ज मुदतीत आहे किंवा नाही हा. राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सेवेत समान संधीची हमी दिली आहे. त्या हमीचे मोल प्रत्यक्षात किती, हे मुदतीच्या साध्या हिशेबावर ठरावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मुळात मुदत असावीच काय? असावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दहा वर्षांपूर्वीची ज्येष्ठतायादी आज रद्द करावयाची म्हटली, तर त्या यादीच्या भरवशावर ज्यांनी आपली सेवा उभारली त्या निरपराध सहकाऱ्यांवर अन्याय होतो. साक्षीदार निवृत्त होतात, कागद नष्ट होतात, स्मृती पुसट होतात. कनिष्ठाच्या पदोन्नतीविरुद्ध दाद मागणाऱ्याने सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात न्यायालयाकडे यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सदाशिवस्वामी प्रकरणात १९७४ मध्येच सांगितले होते. तेव्हा तक्रार मुदतीच्या अस्तित्वाविरुद्ध नाही. ती मुदत केव्हा सुरू होते, तिची माहिती कोणाला असते आणि तिचा भंग झाल्यास दंड कोणाला होतो, हे तीन प्रश्न मात्र विचारलेच पाहिजेत.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३२३-अ हा अनुच्छेद आला, त्यावर १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा उभा राहिला आणि १९९१ मध्ये महाराष्ट्राचे न्यायाधिकरण, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'मॅट', अस्तित्वात आले. या कायद्याच्या २१ व्या कलमाचा हिशेब असा : अंतिम आदेश झाला असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष, नियमानुसार अपील वा निवेदन केले आणि सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. पुरेसे कारण दाखविल्यास विलंबमाफीची सोय आहे, पण ती न्यायाधिकरणाच्या विवेकावर अवलंबून. कागदावर पाहता ही व्यवस्था उदार वाटते. अमेरिकेत संघराज्याच्या कर्मचाऱ्याला भेदभावाच्या घटनेपासून अवघ्या ४५ दिवसांत खात्यातील समुपदेशकाकडे जावे लागते. त्या मानाने आपले वर्ष मोठेच म्हणावयाचे.

परंतु हे वर्ष हिंगोलीत कसे सरते ते पाहिले म्हणजे त्याची लांबी कळते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. त्याच्यासाठीचे मॅटचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस. हिंगोलीहून दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. समजा, सेनगावच्या एखाद्या कार्यालयातील लिपिकाला आपल्यानंतर सेवेत आलेल्याची पदोन्नती कळली. तो प्रथम साहेबांना तोंडी विचारतो. मग निवेदन देतो. ते बारनिशीत नोंदले जाते, कधी त्याची पोच मिळते, कधी मिळत नाही. 'वर विचारणा केली आहे' असे उत्तर येते. तो स्मरणपत्र देतो, पुन्हा देतो, संघटनेमार्फत देतो. ज्या साहेबाच्या हाताखाली नोकरी करावयाची, त्याच्याविरुद्ध दावा लावण्यापूर्वी मनुष्य दहादा विचार करतो आणि हा विचार शहाणपणाचाच असतो. मात्र कायद्याच्या लेखी या स्मरणपत्रांना किंमत नाही. पुनःपुन्हा निवेदने दिल्याने मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्ये ठरविले. शिळ्या निवेदनाला खात्याने पुढे कधी उत्तर दिले, तरी त्या उत्तराने मेलेला हक्क जिवंत होत नाही, हे २००८ च्या सी. जेकब प्रकरणाने अधिक स्पष्ट केले. म्हणजे ज्या सौजन्याने कर्मचारी वाट पाहत राहिला, तेच सौजन्य त्याच्याविरुद्ध पुरावा होऊन बसते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ही माहितीच्या विषम वाटपाची कथा आहे. व्यवहारातील एका पक्षाला सर्व कागद, सर्व नियम आणि विधी अधिकारी उपलब्ध. दुसऱ्याला आपल्या सहकाऱ्याचे वेतन किती हेदेखील ठाऊक नाही. भेदभाव हा स्वभावतःच तुलनेने कळणारा अन्याय आहे. आपल्याला काय मिळाले एवढे पाहून तो दिसत नाही. दुसऱ्याला काय मिळाले हे कळावे लागते. अमेरिकेतील लिली लेडबेटर या पर्यवेक्षिकेला त्याच कामाचे पुरुषांना अधिक वेतन मिळत असल्याचे निवृत्तीच्या सुमारास एका निनावी चिठ्ठीने कळले. वेतन ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार हवी होती, म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिचा दावा फेटाळला. तेथील संसदेने २००९ मध्ये कायदाच बदलला आणि भेदभावाने कमी दिलेला प्रत्येक पगार हा नवा अन्याय मानला.

आपल्याकडे न्यायालयांनी हे तत्त्व काही अंशी आधीच मान्य केले आहे. चुकीची वेतननिश्चिती हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, असे एम. आर. गुप्ता प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले गेले. मात्र २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणानुसार थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते आणि ज्येष्ठता वा पदोन्नती यांसारख्या, इतरांच्या हक्कांना धक्का लावणाऱ्या बाबींत विलंब माफ होत नाही. बारा वर्षे कमी वेतन घेतलेल्याला तीन वर्षांचे मिळते. उरलेली नऊ वर्षे शासनाच्या तिजोरीत जमा. चुकीची किंमत चूक करणाऱ्याने न देता ती सोसणाऱ्याने द्यावी, असा हा हिशेब आहे.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्याच्या ९ व्या कलमाने तक्रारीला तीन महिने दिले. परिस्थितीच आड आली असेल तर आणखी तीन. दहाहून कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तालुक्याला तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमावा लागतो. तालुक्याच्या गावी सर्व एकमेकांना ओळखतात. तेथे घरी सांगण्यासच महिने जातात. मुदत गेल्याचा परिणाम किती कठोर असतो, हे २०२५ मध्ये दिसले. पश्चिम बंगालमधील एका विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरविली.

त्यातच दारे निरनिराळी. महसूल खात्यातील लिपिकाने मॅटकडे जावयाचे. त्याच गावातील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाला ते दार नाही, त्याला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे रिट अर्ज करावा लागतो. तेथे वर्षाची ठरीव मर्यादा नाही, पण अवाजवी विलंबाचा आक्षेप आहेच. अपंग कर्मचाऱ्यासाठी २०१६ च्या कायद्याने तक्रार निवारण अधिकारी सांगितला आहे आणि नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशीचे बंधन घातले आहे. कोणत्या अन्यायाला कोणते दार आणि किती दिवस, हे सांगणारा एकही कागद कर्मचाऱ्याच्या हाती नेमणुकीच्या दिवशी पडत नाही.

मुदती शासनालाही आहेत. बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाई यांविषयीच्या २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार सामान्यतः कोणतीही नस्ती कोणाही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. तथापि कर्मचाऱ्याची मुदत टळली तर त्याचा हक्क संपतो. शासनाची टळली तर कर्मचाऱ्याचे निवेदन नुसतेच आणखी काही दिवस पडून राहते. एकाच व्यवहारातील दोन मुदतींचे दोन न्याय असतील, तर जो पक्ष बलवान त्याला दिरंगाई परवडते. किंबहुना उत्तर न देणे हेच त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उत्तर ठरते.

उपाय अवघड नाहीत व खर्चिक तर नाहीतच. माहिती अधिकार कायद्याने २००५ मध्येच दाखवून दिले आहे की, अर्ज नाकारताना अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करावयाचे हे त्याच पत्रात लिहिणे शक्य असते. पदोन्नती, वेतननिश्चिती, ज्येष्ठता आणि शिक्षा यांच्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी अशी एक ओळ सक्तीची करावी आणि ती नसल्यास मुदत सुरूच झाली नाही असे मानावे. मुदत आदेशाच्या तारखेऐवजी तो संबंधिताच्या हाती पडल्यापासून मोजावी. निवेदनाची पोच जागच्या जागी द्यावी व सहा महिन्यांत उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी तीन महिन्यांऐवजी निदान एक वर्ष असावे. ब्रिटनने कामगारांच्या दाव्यांसाठीची तीन महिन्यांची मुदत सहा महिने करण्याचा कायदा २०२५ मध्ये केलाच आहे. आणि मॅटचा अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणीच दाखल करून घेणारी खिडकी हिंगोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यात उघडावी.

यावर असे म्हटले जाईल की, अशा सवलतींनी दाव्यांचा पूर येईल. वस्तुतः उलटच घडण्याचा संभव अधिक. ज्याला आपली मुदत ठाऊक आहे तो लवकर येतो, लवकर आलेली तक्रार कार्यालयातच मिटू शकते आणि तोपर्यंत तिसऱ्या कोणाचे हक्कही निर्माण झालेले नसतात. मुदतीचा हेतू वाद लवकर संपावा हा असेल, तर तो साधण्याचा मार्ग ती मुदत सर्वांना सांगणे हाच आहे. ती लपवून ठेवल्याने वाद संपत नाही. तो तक्रारदाराच्या निवृत्तीपर्यंत कार्यालयाच्या वातावरणात कुजत राहतो, आणि त्याची किंमत त्या कार्यालयाच्या दाराशी कामासाठी उभ्या राहणाऱ्या नागरिकालाही मोजावी लागते.