"तोंडाचं होतं, त्यानं काही होत नाही म्हणे"

मंडळी, आजचा विषय वाचून काही जण नाक मुरडतील. मुरडा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागातलं एक घर. गाव सांगत नाही. सून गरोदर. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, सिफिलिस निघाला. सासूने थेट सुनेच्या चारित्र्यावर बोट ठेवलं. पोरगा गप्प. ऊसतोडीला गुजरातेत गेला तेव्हा एका बाईकडे गेला होता. मला म्हणाला, "भाऊ, फक्त तोंडाचं होतं. त्यानं काही होत नाही म्हणे." नंतर जागेवर एक फोड आला, दुखला नाही, आपोआप बसला. हा विसरला. पण फोड बसला तरी रोग अंगातच राहतो. तोच बायकोला गेला. वेळेत पेनिसिलीनची इंजेक्शनं मिळाली, म्हणून बाळ सुखरूप आहे.

तर स्पष्टच लिहितो. मुखमैथुनातून सिफिलिस, गनोरिया, हर्पिस, एचपीव्ही हे सगळे पसरू शकतात. घशातल्या गनोरियाचं बहुतेक वेळा काही लक्षणच दिसत नाही. एचपीव्हीच्या काही प्रकारांमुळे पुढे घशाचा कॅन्सर होऊ शकतो. एचआयव्हीचा धोका या मार्गाने फार कमी, पण तोंडात जखमा असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल तर वाढतो. आणि गुटखा खाऊन आपल्या पोरांची तोंडं कशी झालीत, ते टपरीवर जाऊन बघा. अशा वेळीही कंडोम वापरला तर धोका बराच कमी होतो.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून लैंगिक आरोग्यावर उघड लिहिलं, अश्लीलतेचे खटले सोसले. शंभर वर्षं होत आली, आपण अजून कुजबुजतोय.

माझं म्हणणं एवढंच. बाई गरोदर राहिली की तिची तपासणी होते, म्हणून रोग तिच्या नावावर सापडतो आणि बोलही तिलाच लागतो. पुरुषाला कोण विचारतं? आशाताईने गड्यांना हे सांगावं ही अपेक्षाही बरोबर नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी आरोग्य केंद्राने एखादा पुरुष कर्मचारी गावात पाठवावा, तासभर बोलावं, कंडोम द्यावेत. ग्रामपंचायतीने हे मागून घ्यावं.

शंका असेल तर जिल्हा रुग्णालयात जा, उपचार मोफत आहेत. १०९७ हा फोनही मोफत आहे. नवरा-बायको दोघांनी औषध घ्या, अर्धवट सोडू नका. भोंदू वैद्याकडे तर अजिबात जाऊ नका.

लाजेने रोग जात नाही, भाऊ.