थेंबाचा हिशेब

मी बँकेतला कारकून. बी.कॉम., आणि तेही दुसऱ्या वर्गात. वाहनाशी माझा संबंध स्कूटरला किक मारण्यापुरता. तेव्हा फोर-व्हील जीपच्या पुढच्या ॲक्सलच्या ऑइल सीलवर मी बोलावं हा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या सीलनं आपल्याला सहकुटुंब कुंभार्ली घाटाच्या कठड्यापर्यंत नेलं, त्याच्यावर बोलण्याचा अधिकार आपोआप मिळतो असं माझं मत आहे.

जीप माझ्या मेहुण्याची. तो पाटण तालुक्यात शेती करतो. जीप जुनी, महायुद्धातल्या विलीज जीपच्या वंशातली. म्हणजे पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना बंद लोखंडी गोळा, त्यात ग्रीस आणि वळणारा सांधा. उजव्या गोळ्याखाली रोज सकाळी काळं थारोळं. मी विचारलं, तर मेहुणा अभिमानानं म्हणाला, "दाजी, थेंब पडतोय म्हंजे आत ऑइल हाय! चालतीय न्हवं गाडी?"

माझं भांडण आहे ते या ‘चालतीय न्हवं’शी. त्याच्या गावच्या मेकॅनिकनं गोळ्याबाहेरचं नमद्याचं सील तीनदा बदललं, तिन्ही वेळा पैसे घेतले आणि तिन्ही वेळा "आता बघायला नको" म्हणाला. तेवढं मात्र खरं. कारण कोणी बघितलंच नाही. मधल्या काळात वरून ऑइल ओतणं चालू.

2019 च्या जुलैमध्ये आम्ही चौघं घाट उतरत होतो. मेहुण्यानं ब्रेक दाबला आणि जीप डावीकडे कठड्याला भेटायला निघाली. उजव्या चाकाचा ब्रेक ऑइलनं न्हालेला, त्यामुळे धरला फक्त डाव्यानं. सौभाग्यवतींनी माझा दंड इतका आवळला, की तेवढा जोर ब्रेकला असता तर हा लेख झाला नसता.

पहिल्या गिअरमध्ये रांगत चिपळूण गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी पाना उचललाच नाही. गोळा पुसला, आतला माल बोटावर घेतला, चोळला, हुंगला. "ग्रीस नाही हे. डिफरन्शियलमधलं नव्वद नंबरचं ऑइल. गळतंय बाहेर, पण फुटलंय आत." आतलं सील झिजलं, की ऑइल ॲक्सलच्या नळीतून गोळ्यात येतं, ग्रीस पातळ करतं, आणि पुढचं सीलही थकलेलं असेल तर थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. मग बाहेरचा नमदा बदलून काय होणार? छप्पर गळतंय म्हणून सतरंजी बदलण्यातला प्रकार!

मग त्यांनी ऑइल भरण्याचं बूच सैल केलं. फुस्स! ॲक्सलवरचा ब्रीदर चिखलानं बुजलेला. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, तिला वाट नसली की ती ऑइलला सीलच्या ओठांतून ढकलते. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ऑइल चहासारखं दुधी होतं. सील बदलून ब्रीदर तसाच ठेवणं म्हणजे नवीन सीलला पहिल्या दिवसापासून छळणं.

चाक, ड्रम, हब करत शेवटी ॲक्सल बाहेर आला. मिस्त्री म्हणाले, "नखानं बघा." सील टेकायच्या जागी बारीक खाच होती. घसारा हा शब्द मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिला होता. हाताला प्रथमच लागला. खाचेवर नवं सील टेकवून उपयोग नाही, म्हणून दुसरा चांगला ॲक्सल शोधण्यात एक दिवस गेला. सीलचा ओठ ऑइलच्या बाजूला, ओठाला थोडं ग्रीस, आणि ठोकताना मापाचा पाइप, म्हणजे ते तिरकं जात नाही. ॲक्सल आत सारताना मिस्त्रींनी तो तान्ह्या पोरासारखा उचलून धरला, कारण त्याचे दाते ओठावर घासले की नवं सील गाडीखालीच जुनं होतं. ब्रेकचे लायनरही नवे टाकले.

"एवढ्याशा रबरासाठी दोन दिवस?" मेहुणा कुरकुरला. असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच. सील स्वस्त आहे, खोलणं महाग आहे. म्हणून तर एकदाच खोलावं आणि कारण सापडल्याशिवाय मिटवू नये. तीन वेळची मजुरी मी कागदावर मांडून दाखवली. मेहुणा गप्प झाला. कॉमर्सचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

पुढच्या सोमवारी बँकेत अकरा रुपयांचा फरक निघाला. साहेब म्हणाले, "सस्पेन्सला टाका आणि मोकळे व्हा."

मी म्हणालो, "साहेब, आधी ब्रीदर बघूया."

साहेबांनी मला दोन दिवसांची रजा आणखी घ्यायला सांगितली. फरक मात्र मी रात्री आठ वाजता शोधून काढला. तो माझाच होता.