फ्रीजचा कान किती पिळावा?

यंदाच्या भीमजयंतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. अंबरनाथच्या एका वस्तीत मुलांनी विहारासमोर सरबताचे टेबल मांडायचे ठरवले. बर्फ घरीच जमवू, तेवढेच पैसे वाचतील, म्हणून एका घरच्या थोरल्या नातवाने फ्रीजमधली चकती ३ वरून थेट ७ वर फिरवली. मिरवणूक झाली, सरबत संपले, चकती मात्र सातवरच राहिली.

पंधरा दिवसांनी त्या घरच्या आजींना सारखी तहान लागू लागली. अंगात त्राण नाही, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तातली साखर तपासली तर साडेतीनशेच्या वर. "इंजेक्शन चुकवता का?" डॉक्टरांनी सुनेला जरा रागानेच विचारले. सून रडकुंडीला आली. तिने एकही वेळ चुकवली नव्हती. मग दुसरा प्रश्न आला, "इन्सुलिन ठेवता कुठे?" तेव्हा तिला आठवले. बाटली बर्फाच्या कप्प्याला लागून होती. दोनदा ती गारठून घट्ट झाली होती, आणि सुनेने मुठीत धरून वितळवून सुई भरली होती.

गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसू शकते, पण त्याच्या गुणाचा भरवसा राहत नाही. ते टाकूनच द्यायचे असते. त्याला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो, बर्फ नव्हे. सुनेला हे आधी कोणी सांगितले नव्हते, आणि फ्रीज विकणारा तर कधीच सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही घरातल्या त्या चकतीबद्दलच लिहायचे ठरवले.

या चकतीला थर्मोस्टॅट म्हणतात. तिच्यावरचे १ ते ७ हे आकडे अंश नाहीत. आकडा मोठा तितका फ्रीज जास्त गार, एवढाच त्यांचा अर्थ. चकतीमागे एक बारीक नळी असते आणि नळीत वायू असतो. आतला गारवा ठरल्याइतका झाला की वायू आक्रसतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. गारवा कमी झाला की वायू फुगतो आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो. म्हणजे थर्मोस्टॅट हा यंत्राला वेळेवर विसावा देणारा मुकादम आहे. कान सातवर पिळला की विसावा जवळजवळ संपतो. फ्रीज दिवसभर घरघरतो, मीटर पळतो, आणि कोपऱ्यातली भाजी गोठून काळी पडते.

उन्हाळ्यात ३-४ आणि पावसाळ्यात व थंडीत २ पुरतो. आमच्या एका खोलीच्या संसारात फ्रीज बहुधा शेगडीशेजारी भिंतीला चिकटून उभा असतो. त्याच्या पाठीमागे वीतभर जागा सोडावी. बर्फाचा थर बोटभर जाड होऊ देऊ नये. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढला गेला तर रबर सैल झाले असे समजावे. इन्सुलिन मधल्या फळीवर, डबीत ठेवावे. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवावी. डॉक्टरही हा उपाय सांगतात.

जाता जाता एक गंमत. 'थर्मोस्टॅट' हे नाव अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये दिले. कापडगिरण्यांत उष्णता एकसारखी राहावी म्हणून त्याने हे साधन काढले. पुढे १८३५ मध्ये याच गृहस्थाने गिरणीपद्धतीचे गुणगान करणारा ग्रंथ लिहिला. कामगारांचा तो मुळीच कैवारी नव्हता. पण त्याची युक्ती आज आमच्या इस्त्रीत आहे, फ्रीजमध्ये आहे, आणि आता एसीतही आहे.

होय, एसीतही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या वस्त्यांत एसी म्हणजे बँकेत दिसणारी वस्तू. आता उल्हासनगरच्या कॅम्पांत पत्र्याच्या खोलीवरही जुना, हप्त्याने घेतलेला एसी लटकलेला दिसतो. आम्ही त्याला चैन म्हणणार नाही. बदलापूर-अंबरनाथला समुद्राचा वारा पोचेपर्यंत दुपार कलते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला माणूस त्या पत्र्याखाली दुपारी झोपणार कसा?

पण एसी आला की रिमोटवरून भांडणे सुरू होतात. बाप १६ वर लावतो, आई पोरांवर गोधड्या घालते. पैसे मोजून आणलेला गारवा गोधडीखाली झाकायचा! १६ वर लावला की खोली लवकर गार होते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. साधा एसी १६ वर असो की २५ वर, कॉम्प्रेसर एकाच जोराने चालतो. फरक एवढाच की २५ ला तो थांबतो आणि १६ ला थांबतच नाही, कारण पत्र्याची खोली १६ पर्यंत कधी उतरतच नाही.

आता हिशेब पाहा. एक टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला अंदाजे एक युनिट खातो. रात्रीचे आठ तास न थांबता चालला तर महिन्याला २४० युनिट. तोच २५-२६ वर ठेवून पंखा लावला आणि कॉम्प्रेसरने एक तृतीयांश वेळ विसावा घेतला, तर १६०. पंख्याचे महिन्याचे १८ युनिट त्यातून वजा करा. तरी ६० युनिट वाचले. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास आहे, आणि वाचतात ती याच महाग टप्प्यातली युनिटे. (१०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो, हा गैरसमज आहे. वरच्या युनिटांनाच लागतो.) एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. त्याच्याच नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टारची चिठ्ठी असलेले एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतात.

उलट, बिलाच्या धास्तीने एसी घेऊनही म्हाताऱ्या माणसाला भर दुपारी पत्र्याखाली घामात बसवणे, हेही आम्हाला पटत नाही. सोण भिक्खूच्या वीणेची गोष्ट विहारात आपण सर्वांनी ऐकली आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची बाजू मांडली. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय या देशाची गरिबी हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. वीज आपल्या हक्काची आहे. ती पत्र्यातून वाया जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

आणि खरा चोर पत्राच आहे. त्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिला की ऊन परततो. अहमदाबादेत २०१७ पासून झोपडपट्ट्यांची छपरे अशी पांढरी करण्याचे काम झाले. मात्र सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका, तो फुटतो. भिंतीला शिडी लावून लांब दांड्याच्या ब्रशने रंगवा. दाराखालच्या फटीत जुन्या साडीची गुंडाळी घाला. एसीला वेगळी जाड वायर आणि मोठा प्लग हवा, साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावू नये. बादलीतल्या गरम पाण्याच्या कॉइलला तर थर्मोस्टॅटच नसतो. तिथे आपणच लक्ष ठेवायचे. बटण बंद करून, प्लग काढूनच पाण्यात हात घालायचा.

त्या आजी आता बऱ्या आहेत. नव्या बाटलीने साखर उतरली. सुनेने चकतीवर ३ च्या आकड्याशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे आणि पोरांना तो दाखवून ठेवला आहे. बुद्ध पौर्णिमेला मुलांनी पुन्हा सरबत केले. बर्फाची लादी त्याच नातवाने सायकलवर पोते टाकून बाजारातून आणली.