सी०७ नावाची तबकडी नाही

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. मधल्या चौकातल्या तबकड्यांची नावे सी०० ते सी१४. हिशेबाने त्या पंधरा भरायला हव्यात. आहेत चौदा, कारण सी०७ नाहीच. पूर्वेकडची भुजा तर ई०२ पासूनच सुरू होते. म्हणजे हे आकडे मोजणीचे नव्हेत, नावाचे आहेत. ज्याची बेरीज करायची नाही, सरासरी काढायची नाही, ते संगणकात संख्या म्हणून ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे. जुन्नरचा एसटीडी कोड ०२१३२, मंचरचा ०२१३३. एक्सेलच्या साध्या रकान्यात टाइप केले की पुढचे शून्य गळते, कारण रकाना त्याला रक्कम समजतो. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला तर गळत नाही.

यावर शाळेतले उत्तर तयार असते: आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही. किमतीपुरते ते खरे. पण संगणक मजकूर अक्षराअक्षराने लावतो, त्यामुळे शून्य काढले की यादी सी१, सी१०, सी११ अशी धावते आणि सी२ मागे राहतो. हल्लीच्या फायलींच्या खिडक्या हे सावरून घेतात, हे मान्य. पण प्रत्येक प्रोग्राम घेतोच असे नाही. शिवाय कधी शून्याला अर्थही असतो. जीएमआरटीनेच एनजीसी १८५१ या तारकागुच्छात शोधलेल्या पल्सारचे नाव जे०५१४-४००२ए आहे. त्यातले ०५ म्हणजे आकाशातल्या स्थानाचे तास, १४ म्हणजे मिनिटे. शून्य पुसून पहिले दोन अंक वाचले तर ५१ तास होतात, आणि आकाशाचा फेरा तर २४ तासांचा!

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रोग्रामिंगच्या सी भाषेत ०१० लिहिले की ते अष्टमान ठरते आणि किंमत ८ येते. मग शून्य धोक्याचेच ना? धोका आहे, पण तो नाव अवतरणचिन्हांबाहेर लिहिण्याचा. क्रम मोजताना संख्या वापरावी आणि छापताना ‘किमान दोन अंक, कमी पडल्यास पुढे शून्य’ असे सांगावे. जवळपास प्रत्येक भाषेत त्याची सोय असते.

अवघड असते ते किती अंक राखायचे हे ठरवणे. दोन अंक ९९ वर संपतात. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीत तबकड्या ६४ च, तरी नावे एम००० ते एम०६३ अशी तीन अंकी ठेवली आहेत.