सफरचंदाच्या पोटात पनीर

निफाडचा पारा उतरल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की आमच्या नाशिकच्या घरात दोन गोष्टी माळ्यावरून खाली येतात. एक रजया आणि दुसरी गाजर किसायची मोठी किसणी. रजया गच्चीवर उन्हात पडतात आणि किसणी अम्मींच्या हातात जाते. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. लग्न होऊन आलो तेव्हा आम्हाला धड शिराही जमत नव्हता. दूध आटत आलं की कढईच्या कडेची साय खरवडून पुन्हा आत ढकलायची, तूप घाईने ओतायचं नाही, वेलची गॅस बंद केल्यावरच टाकायची, हे सगळं आम्ही त्यांच्याकडून शिकलो. आजही गाजरं त्याच किसतात. हलवा मात्र खात नाहीत. अकरा वर्षं झाली, त्यांना शुगर आहे.

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांच्या हातात गरम हलव्याच्या वाट्या येतात, तेव्हा अम्मी "मला झोप येतेय" म्हणून उठतात. कधी पपईच्या चार फोडी खातात, कधी तेही नाही. मागच्या वर्षी आमच्या धाकटीने विचारलं, "दादी, तुम्ही का नाही घेत?" तर म्हणाल्या, "मला नाही आवडत बेटा." आम्ही भांडी आवरत होतो. मान वर करायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर आठवड्याभरात एका सकाळी मशीनवर त्यांची शुगर 268 दिसली. रात्री तर ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी होती. दुपारी हलव्याचं पातेलं काढलं तेव्हा झाकणाखाली एक चमचा सापडला आणि कोपऱ्यातला हलवा नीट सपाट करून ठेवलेला दिसला. आम्ही काही बोललो नाही. ईदला तीस माणसांचं जेवण एकटीने उतरवलेली बाई आपल्याच स्वयंपाकघरात अंधारात उभी राहून दोन चमचे हलवा खाते, यावर सुनेने काय बोलायचं?

पुढच्या तपासणीला आम्ही सोबत गेलो आणि आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंना सरळ विचारलं की थंडीत काहीतरी गरम, गोडसर, वाटीत घेऊन चमच्याने खाता येईल असं काही आहे का. त्या म्हणाल्या, फळ चालेल, पण अख्खं खायचं, रस काढून नाही. एका वेळी अर्धं, शक्यतो पनीर किंवा दाण्यांसारख्या प्रथिनाबरोबर, आणि त्या जेवणातली एखादी चपाती कमी करून. फळ आणि पनीर. घरी येताना रिक्षात तेवढंच डोक्यात घोळत होतं.

इथे एक आडवळण घेतो, शाळामास्तरांची खोड. सातवीतल्या एका मुलाने आम्हाला एकदा विचारलं होतं, "उर्दूत सेब, मग मराठीत सफरचंद कुठून आलं? त्यात सफर आहे, चंद्रही आहे!" वर्ग हसला, पण प्रश्न चांगला होता. गुजरातीत सफरजन, मराठीत सफरचंद, आणि दोन्हींच्या मागे अरबीतलं सफरजल. गंमत अशी की सफरजल म्हणजे सफरचंद नव्हेच. ते त्याच कुळातलं दुसरं फळ, ज्याला उर्दूत बही किंवा बिही म्हणतात. पिवळं, कडक, कच्चं खाल्लं तर तोंड आवळतं. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ते पाहिलेलं नसेल, पण त्याच्या बिया नक्की पाहिल्या असतील. हकीमसाहेबांच्या दुकानात खोकल्यासाठी मिळणारा, पाण्यात भिजवला की बुळबुळीत होणारा बिहीदाना तो हाच. तुर्कस्तानात थंडीच्या दिवसांत हे सफरजल मंद आचेवर लालसर होईपर्यंत शिजवतात आणि वर सायीचा जाड थर ठेवून खातात. रशियात सफरचंदं कोरून त्यात घरचं ताजं, मऊ चीज भरतात आणि भाजतात. तिकडचं ते चीज आपल्या पनीर आणि चक्क्याच्या मधलं काहीतरी असतं. म्हणजे आंबटगोड फळ आणि ताज्या दुधाचा फाटलेला गोळा ही जोडी कुणा हॉटेलवाल्याने काढलेली नाही. थंड मुलखातल्या घरांमधली ती जुनी गोष्ट आहे. आम्ही तीच आपल्या पद्धतीने करायची ठरवली.

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगून टाकतो. बाजारात सगळ्यात लाल दिसली ती सफरचंदं आणली, पाकिटातलं पनीर किसून भरलं आणि भाजायला ठेवलं. अर्ध्या तासाने बघतो तर सफरचंदं बसलेली, साल फुटलेली, पनीरचे कोरडे दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. मुलांचे अब्बू चमच्याने ढवळत म्हणाले, "सेब का सालन अच्छा बना है, रोटी दो." मुलं आठवडाभर तेच म्हणत राहिली.

चूक आधी फळाची होती. लालभडक डेलिशियस जातीचं सफरचंद तसंच खायला गोड, पण थोडं जुनं झालं की पिठूळ होतं आणि भट्टीत टिकत नाही. थंडीत आपल्याकडे येतात त्यातली बरीच सफरचंदं शरद ऋतूत उतरवून शीतगृहात ठेवलेली असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका. हातात घेऊन जड लागेल, बोटाने दाबलं तर जराही दबणार नाही, असं घ्या. किन्नौरकडचं घट्ट सफरचंद मिळालं तर उत्तम. पिवळं गोल्डन चांगलं चालतं. हिरवं आंबट सफरचंद आकार छान धरतं, पण महाग पडतं आणि मुलं तोंड वेडंवाकडं करतात. मध्यम आकाराची, साधारण दीडशे ग्रॅमची, चार पुरे.

दुसरी चूक पनीरची. त्यासाठी घरचंच पनीर हवं. एक लिटर मलईचं दूध उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला आणि हलक्या हाताने ढवळा. पाणी हिरवट, निवळ दिसलं की थांबा. जास्त रस घातला तर पनीर चिवट होतं. मलमलच्या कापडात ओतून वरून गार पाणी सोडा, म्हणजे लिंबाची चव जाईल. मग अर्धा तास टांगून ठेवा, पण वर वजन ठेवू नका. वड्या पाडायच्या नाहीत, मऊ गोळा हवा. खाली उरलेलं पाणी फेकू नका, त्यात चपातीची कणीक छान भिजते.

पनीरच का, चीज का नाही, असं आमच्या थोरलीने विचारलं. आणि तिच्या मैत्रिणीच्या आईने, चीज आपल्याला चालतं का, असं विचारलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कडक चीज करताना दूध रेनेटने फाडतात. जुन्या पद्धतीत हे रेनेट वासराच्या जठरातून काढतात, आणि इटलीच्या प्रसिद्ध पार्मेझानमध्ये आजही तेच वापरायचा नियम आहे. जनावर कसं जबह झालं हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून मनात शंका येते. आपल्या देशात हिरव्या ठिपक्याचं पाकीट असेल तर त्यात जनावराचं रेनेट नसतं, सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं असतं. तेव्हा चीज घ्यायचंच असेल तर ठिपका बघून घ्या, आयात केलेलं असेल तर मागची बारीक अक्षरंही वाचा. लिंबाने फाडलेल्या पनीरला यातलं काहीच लागत नाही. तीच गोष्ट व्हॅनिलाची. त्याचा अस्सल अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. आपल्याकडे वेलची आणि दालचिनी असताना त्या बाटलीची गरज काय?

आता सारण. पनीर ताटात घेऊन तळहाताच्या टाचेने पाच मिनिटं मळा, रवाळपणा जाऊन लोण्यासारखं झालं पाहिजे. आमचा पहिला प्रयत्न खरा इथेच गेला होता, किसलेलं पनीर कधी एकजीव होत नाही. त्यात दोन चमचे चक्का, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर (ते सुटणारं पाणी धरतं), सात-आठ अक्रोडांचे तुकडे, चिमूटभर मीठ, वेलची आणि दालचिनीची पूड घाला. गोडीसाठी मऊ खजूर बारीक चिरून घालता येतो. खजुराबद्दल पुढे सांगते आहोत, तोवर थांबा.

सफरचंदाचं डोकं टोपीसारखं कापा. चमच्याने किंवा बारीक सुरीने बियांचा गाभा काढा, पण बुडाला भोक पाडू नका, नाहीतर सारण खालून निघून जाईल. आतून लिंबाची फोड फिरवा, म्हणजे ते काळं पडणार नाही. मग सुरीच्या टोकाने सफरचंदाच्या कमरेभोवती सालीवर एक हलकी रेघ ओढा. आतली वाफ त्या रेघेतून वाट काढते आणि साल भलतीकडे फुटत नाही. सारण दाबून भरा, वर थोडा उंचवटा राहू द्या. खोलगट ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी आणि दालचिनीचा तुकडा टाका, सफरचंदं उभी ठेवा, प्रत्येकावर तुपाचं बोट फिरवा. टोप्या बाजूला ठेवून भाजा.

ओव्हन दहा मिनिटं आधी 180 अंशांवर तापवून घ्या, मग पस्तीस ते चाळीस मिनिटं. विणायची सुई सालीतून सहज आत गेली आणि पनीरवर बदामी डाग आले की झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग ट्रे आत ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास. वरचा बदामी रंग येणार नाही, चव येईल. आमच्या माहेरी तर दोन्ही नव्हतं. ईदच्या आधी अम्मा नानखटाईच्या पिठाचा डबा आणि तूप घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत जायची, आणि आम्ही मागून रिकामे ट्रे वाजवत. भट्टीवाले चाचा पाव काढून झाल्यावरच आमचे ट्रे आत सरकवायचे. उतरत्या आचेवर नानखटाई फुलते, हे त्यांचं म्हणणं. सफरचंदालाही तीच आच मानवते. जवळ अशी बेकरी अजून सुरू असेल आणि ओळख असेल, तर एकदा ट्रे घेऊन जाऊन बघाच.

आता खजूर. शंभर ग्रॅम सफरचंदात चौदा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे अम्मींच्या अर्ध्या सफरचंदात दहाएक ग्रॅम. लहानशा एका खजुरात साधारण चहाच्या एका चमचा साखरेइतकी गोडी. म्हणून आम्ही तीन सफरचंदांत खजूर घातला आणि एक बिनखजुराचं ठेवलं. भाजल्यावर ओळखता यावं म्हणून त्यावर एक लवंग खोचली. स्वतःच्या हुशारीवर आम्ही खूश होतो.

रात्री वाट्या मांडल्या. अम्मी उठल्या नाहीत, बसून राहिल्या. त्यांनी वाट्यांवरून एकदा नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "लवंगवालं माझं ना?"

आम्ही हो म्हणालो. त्यांनी खाल्लं, चांगलं झालंय म्हणाल्या, आणि वाटी घेऊन उठल्या.

त्या रात्री उशिरापर्यंत आम्हाला झोप लागली नाही. पपईच्या फोडींऐवजी लवंगेचं सफरचंद, एवढाच फरक आम्ही केला होता. आजाऱ्याची वाटी वेगळी ती वेगळीच राहिली होती.

पुढच्या जुम्याला खजूर कुणाच्याच सफरचंदात घातला नाही. चारही सफरचंदांवर लवंग. मुलांना गोडी कमी वाटली तर मधाची बाटली मध्ये ठेवलेली. अब्बूंनी दोन चमचे मध घेतला, धाकटीने चार, थोरलीने घेतलाच नाही. अक्रोड भाजून घेतल्याने आणि दालचिनी ट्रेच्या पाण्यात मुरल्याने मधाची फारशी उणीव जाणवत नव्हती. अम्मींनी अर्धं आपल्या वाटीत घेतलं, उरलेलं अर्धं धाकटीच्या वाटीत सारलं. त्या रात्री त्यांची एक चपाती कमी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर 141 आलं. तो आकडा एका सफरचंदाचा नव्हे, गोळ्यांचा, चालण्याचा आणि नीट झालेल्या जेवणाचाही आहे. ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं. गाजराचा हलवाही आमच्या घरी बंद झालेला नाही, फक्त महिन्यातून एकदाच होतो आणि पातेलं त्याच रात्री रिकामं करतो.

यंदा पहिल्या थंडीत आम्ही शाळेतून आलो तर ओट्यावर दूध फाटून टांगलेलं होतं आणि अम्मी पाटावर बसून सफरचंदं कोरत होत्या. आम्ही पदर खोचून पुढे झालो, तर हातातली सुरी न सोडता म्हणाल्या, "तू पनीर फार मळतेस, थोडं दाणेदार राहू दे. आणि लवंगा आण, डबीत दोनच आहेत."